दोन दारांची खोली

...बूट इथेच धुवा साहेब, हो, त्या नळाखाली, आणि मग या आत — बाहेरची माती कुरणात नको, एवढंच, रोगराई काय सांगून येते का. आणि विचारा तुम्ही, बिनधास्त विचारा, तपासणीलाच तर आलात. ओरडण्याचा आवाज? येतो की. खोटं कशाला सांगू. वरच्या घरातल्या बाईंनी कळवलं असणार तुम्हाला, त्यांची खिडकी बरोबर आमच्यावर उघडते. पण त्यांनी कळवलं काय — जनावरं ओरडतात म्हणून? मग चुकीचं कळवलं त्यांनी. आमच्याकडे जनावर ओरडत नाही साहेब, आजवर एक मेंढी ओरडलेली नाही. ओरडतात ते आमचे हे.

असे बघू नका माझ्याकडे. वेडेबिडे नाहीत ते. बसा ना, त्या बादलीवर नको, तिच्यात चुना कालवलाय, हा स्टूल घ्या — तुम्हाला पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हीच ठरवा काय लिहायचं ते. आमचे हे आधी मोठ्या कत्तलखान्यात होते. शहराबाहेरचा तो, मालगाड्यांच्या रुळाशेजारचा, तुम्ही पाहिलाच असेल, तुमचं कामच ते. तिथे जनावर गाडीतून उतरायचं तेच डोळे पांढरे करून. त्यांना वास येतो म्हणे. रक्ताचा नव्हे हो — भीतीचा. आधी जे गेले त्यांच्या भीतीचा. मग मागून विजेची काठी, अडलं की ओढ, घसरून पडलं की त्याच्या अंगावरून दुसरं पुढे, आणि सगळ्यांचा मिळून तो आवाज. हे घरी यायचे आणि आंघोळीला गेले की बाहेरच यायचे नाहीत. मी दार वाजवायची. आतून म्हणायचे, थांब, कान धुवायचे राहिलेत. कान! खाटकाचं काम करणारा माणूस हात धुतो, बरोबर? आमचे हे कान धुवायचे. साबण घालून. एकदा तर कान सुजले.

तर एक दिवस ताटावर बसले असताना म्हणाले, हे बघ, लोक मांस खाणार, मीही खातो, मला साधुत्वाचा आव आणायचा नाहीये. पण मरायला जाताना जनावराने घाबरू नये, एवढं तरी माणसाला करता येईल की नाही? मी म्हटलं, येईल. आता मला काय माहीत येतं का नाही ते — पण नवरा एवढ्या दिवसांनी तोंड उघडून बोलला, आणि माझ्या वडिलांचं हे कुरण नुसतं पडून होतं, मी म्हटलं, येईल, का नाही येणार. आणि आलं हो! खरंच आलं. तुम्ही बघताय ना, हे असंच होतं सगळं. कोकरं आईपासून तोडायची नाहीत. इंजेक्शनं नाहीत, कोंडून ठेवणं नाही, दिवसभर मोकळं चरायचं, आणि संध्याकाळी हे नुसते कुंपणाशी जाऊन उभे राहिले की सगळा कळप ह्यांच्या पायाशी. पाटी मी लिहिली — ‘मायेने वाढवलेलं’. लोक लांबून यायला लागले. एक शाळेतल्या बाई यायच्या, सडसडीत, गोड स्वभावाच्या, त्या म्हणायच्या, मी मांस सोडलंच होतं, तुमच्यामुळे परत सुरू केलं, तुमच्याकडचं खाल्लं की मन खात नाही. आम्ही दोघं किती हसलो त्या दिवशी! मन खात नाही! मी म्हटलं, ह्यालाच पाटीवर घालू या.

ती खोली? दाखवते की. ही बघा. ह्यांनी स्वतः बांधली, एकेक वीट. दोन दारं आहेत, दिसली? हे पुढचं, कुरणाकडचं, आणि ते मागचं, पाण्याच्या टाकीकडे उघडणारं. उजेड वरून घेतलाय, कारण बाजूने घेतला की जमिनीवर सावली पडते आणि मेंढी सावलीला बिचकते. खाली पेंढा. त्या आडव्या फळीच्या पलीकडे हे उभे राहणार. एका वेळी एक. हनुवटीखाली खाजवायचे, तिथे मेंढीला फार आवडतं, आणि कानाशी बोलायचे — चल बाळा, झालं, झालं, काही नाही — आणि कपाळाला ते बेशुद्ध करायचं यंत्र टेकवायचं. टक्. सुरी त्याच्या नंतर. जनावराला कळतच नाही. तुमच्या आधीचे साहेब इथेच उभे राहून म्हणाले होते, असं मी कुठेच पाहिलं नाही. म्हणाले, ताण शून्य.

पण आत यायचं कसं त्यांनी? हाच प्रश्न विचारणार होतात ना? सगळे विचारतात. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, मग मेंढी आपल्या पायाने आत येईल कशी? तर त्यासाठी होती काकू. काकू म्हणजे मेंढी हो. ह्यांच्या एक खऱ्या काकू होत्या, कुठेही चार माणसं निघाली की ह्या सगळ्यांच्या पुढे, मान ताठ, रस्ता माहीत असो नसो — तशीच ही. म्हातारी, एक कान फाटलेला, पाय जरा फेंगडे. तिच्यामागे कळप कुठेही जायचा. मग ह्यांनी तिला शिकवलं. कामाच्या दिवशी त्या-त्या मेंढ्या वेगळ्या काढायच्या, काकूला पुढे सोडायचं, ती पुढच्या दारातून आत यायची, ऐटीत, बाकीच्या तिच्या शेपटीला शेपूट — आणि ती सरळ चालत मागच्या दारातून बाहेर. बाहेर तिला मिठाचा खडा. चाटत बसायची. दार मागे लागायचं. ती कधी मागे वळून बघायची नाही. मी तिच्याकडे बघायची कधीकधी, भांडी घासताना. मिठाने तोंड नुसतं ओलं झालेलं.

नाही, ह्यात वाईट काय? त्यावर मी ह्यांच्याशी भांडलेय साहेब, नंतर, खूप. मी म्हटलं, वाईट काय ह्यात? तिकडे काठ्या खाऊन मरायच्या, इथे काकूच्या मागे फिरायला गेल्यासारख्या मरतात. मी अजूनही तेच म्हणते. तुम्ही मान हलवताय, पण कशाला हलवताय — हो म्हणून, की नाही म्हणून?

तर मग ती सकाळ. त्या दिवशी काम नव्हतं. आदल्या संध्याकाळी खोली धुतली होती आणि पुढच्या दाराची कडी नीट बसली नसणार. सकाळी हे उठून कुरणावर गेले, तर कुरण रिकामं. एक मेंढी नाही. ह्यांच्या पायाखालची जमीनच सरकली, म्हणे कुत्र्यांनी पळवली का चोरांनी नेली, कुंपण बघून आले, ओढ्याकडे जाऊन आले, हाका मारमारून घसा बसला. आणि मग ह्यांना ते दार दिसलं, किलकिलं. ह्यांनी ढकललं. — मला हाक मारली नाही त्यांनी. नुसते उभे राहिले. मी चहाचा कप घेऊन शोधत आले तर हे दारात, आणि ह्यांच्या खांद्यावरून मी बघितलं. सगळ्या आत होत्या साहेब. सगळा कळप. लोकरीला लोकर घासत, एकीचं डोकं दुसरीच्या पाठीवर, हालायला जागा नाही. आवाज काडीचा नाही. आणि सगळ्यांची तोंडं त्या फळीकडे, जिथे हे उभे राहतात तिकडे. काकू सगळ्यात पुढे. वाट बघत होत्या. आणि मग ह्यांचा वास लागला असेल, काय असेल, सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. खूश झाल्या हो त्या! कोकरू नाही का शेपूट हलवत — तशी मोठ्या मेंढ्यांची शेपूट हललेली मी त्याच दिवशी बघितली.

हे तिथेच उंबऱ्यात खाली बसले. मग म्हणाले, तिकडे त्यांना कळायचं मी कोण आहे ते. मला बघून पळायच्या. माझं आणि त्यांचं नातं खरं होतं. मी म्हटलं, कसलं नातं, काय बोलताय. तर म्हणाले, तिकडे मी नुसतं मारत होतो. इथे मी आधी — मी विचारलं, इथे आधी काय? अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं, मग घाबरवून मारायला हवं होतं का? बरं वाटलं असतं का तुम्हाला? तर म्हणाले, मला माहीत नाही गं. मला खरंच माहीत नाही. त्याच आठवड्यात त्या शाळेतल्या बाई आल्या, नेहमीसारख्या हसत, तेच बोलल्या, तुमच्याकडचं खाल्लं की मन खात नाही. हे त्यांना म्हणाले, बाई, तुमचं नाही खात, कारण ते इकडे येतं जेवायला. बाईंना वाटलं विनोद केला. पिशवी घेऊन हसत गेल्या.

मग काम बंद. सुरीला हात नाही. मी पहिल्यांदा म्हटलं थकलेत, होईल ठीक. पण साहेब, माया आहे म्हणून गवत थोडंच वाढतं? कोकरं मोठी झाली, मेंढे एकमेकांना टकरा द्यायला लागले, ऊन तापलं, कुरण खरवडल्यासारखं झालं. तारेतून माना बाहेर काढून काढून त्यांचे गळे सोलवटले. भुकेने जनावर कसं बघतं तुम्हाला ठाऊक आहे? तो ताण तुमच्या कागदात कुठे लिहितात? मी ह्यांना विचारलं, कापायचं नाही, ठीक आहे, मग खायला काय घालायचं ते सांगा. उठून बाहेर गेले. म्हणून मी गाडी बोलावली. हो, त्या मोठ्या कत्तलखान्याचीच, दुसरं घेणार कोण एकदम एवढी जनावरं? काकूला पाठवायचं नव्हतं. पाच-सहा पोटुशा माद्या आणि काकू मागे ठेवायची, बाकीचे जाऊ देत, असं माझं ठरलं होतं. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बरं. आणि खोलीच्या मागे जाऊन भिंतीला टेकून बसले.

गाडीवाला आला. तोंडात काडी धरलेला, आडदांड माणूस, पण वाईट नव्हता. त्याने मागचं दार खाली पाडलं, त्याचा उतार झाला, आणि म्हणाला, वहिनी, काठी आहे माझ्याकडे, पण लागली तरच काढेन. मी माद्या बाजूला काढत होते. आणि मला कळायच्या आत — फाटक उघडं होतं ना — काकू निघाली. मान ताठ. सरळ गेली, त्या उतारावरून चढली, खट् खट् खट्, आणि आत. तिला काय, कामाचा दिवस वाटला. आणि मी बाजूला काढलेल्या पाच-सहा माद्या सोडून सगळा कळप तिच्या मागे. शेपटीला शेपूट. मी ओरडले, काकू, अगं काकू! — पण मेंढी आहे हो ती, ती गाडीच्या पार शेवटी गेली आणि समोरच्या पत्र्याला नाक लावून उभी राहिली. वाट बघत. दार उघडेल म्हणून. गाडीला मागे एकच दार असतं साहेब. गाडीवाला म्हणाला, वहिनी, अशी शहाणी जनावरं आयुष्यात नाही बघितली. आणि दार लावलं.

त्या आवाजाने हे आले पळत. चपलासुद्धा नाहीत पायात. मी सांगितलं, काकू आत गेली. गाडीवाला म्हणाला, आता ती पुढची काढायची म्हणजे सगळी उतरवायला लागतील, दुसरीकडेही माल घ्यायचाय मला, तिथे पोचल्यावर वेगळी काढू. हे बाजूच्या फळ्यांवर चढले आणि आत उतरले. मेंढ्यांमध्ये. मला फळ्यांच्या फटीतून त्यांचा सदरा दिसत होता, बस, आणि गाडी गेली.

परत आले ते दुसऱ्या दिवशी, चालत. हळूहळू सांगितलं त्यांनी, एकेक वाक्य, तेही भिंतीकडे बघून. तिथे पोचले तर सगळे कळप एकाच वाड्यात उतरवून मोकळे. जुने सोबती भेटले, त्यांनी चहा दिला, म्हणाले, काय रे, मायेवाला, परत आलास का! हे म्हणाले, माझी एक मेंढी चुकून आलीय, ती घेऊन जातो. तर सोबती म्हणाले, येडा झालास का, नियम तूच आम्हाला शिकवलेला — इथे आत आलेलं जनावर पायावर बाहेर जात नाही. रोग पसरतो. ते खरंच आहे, तुमचाच नियम आहे तो. मग हे त्या वाड्यापाशी गेले. म्हणाले, आवाज होता नुसता, पूर्वी होता तसाच, डोळे पांढरे केलेली, एकमेकींवर चढलेली जनावरं. आणि ह्यांनी हाक मारली — काकू. तर त्या सगळ्या कल्लोळातून ती वाट काढत आली. फाटका कान, फेंगडे पाय, मान ताठ. आणि आमच्या मेंढ्या तिच्या मागे गप्प झाल्या. आणि दुसऱ्यांच्या, ह्यांना कधीही न पाहिलेल्या, त्यासुद्धा मागे आल्या. आल्या आणि ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. वाडा शांत झाला म्हणे. सोबती हातातलं टाकून बघायला आले.

ह्यांनी त्यांच्याकडे एप्रन मागितला.

हो. ह्यांनीच केलं. काकूचं, आमच्या सगळ्या मेंढ्यांचं, आणि त्या परक्यांचं. हनुवटीखाली खाजवत, बोलत. सोबत्यांपैकी एकालाही हात लावू दिला नाही. काकू शेवटी. दचकलीसुद्धा नाही म्हणाले. आता तुम्ही सांगा मला, तुम्ही शिकलेले आहात, गावोगाव बघता — ती माया होती की काय होतं? ह्यांच्याकडे दुसरं करण्यासारखं होतं तरी काय? नाही, सांगू नका. मला ऐकायचं नाहीये.

तेव्हापासून हे आवाज. म्हणजे मागे राहिलेल्या माद्या व्यायल्या, कळप परत वाढला, आणि आता काम परत सुरू आहे, ह्यांनीच सुरू केलं, म्हणाले, ती गाडी पुन्हा ह्या फाटकात येता कामा नये, त्यापेक्षा मी करेन. पण बोलणार नाही. खाजवणार नाही. रोज सकाळी कुरणावर जातात, डबा बडवतात, मातीची ढेकळं मारतात, आणि ओरडतात — मी कोण आहे बघा! बघा नीट! पळा! — ते तुमच्या वरच्या बाईंना ऐकू जातं. मेंढ्या पळतात. पार त्या टोकाला जाऊन उभ्या राहतात. आणि थोड्या वेळाने, साहेब, परत येतात. ह्यांच्या पायाशी. कारण खायला हेच घालायचे ना! हाताला वास खाण्याचा, मग तोंडाने काही का ओरडेना. त्यावर मग ह्यांनी खायला घालणं सोडलं. म्हणाले, ते तू घाल.

मी घालते. मग दुसरं कोण घालणार? आणि आता त्या माझ्या मागे येतात. तशा कुणाच्या तरी मागे त्यांनी यायलाच हवं ना, नाहीतर परत काठी आली, ढकलणं आलं. मग मीच पुढे चालते. कामाच्या दिवशी. ह्या दारातून आत, त्या दारातून बाहेर. त्यात काय एवढं? पाच पावलांची खोली. त्या येतात मागे, निमूट, माझ्या पदराला एखादीचं नाक लागतं ओलं. फक्त — त्या फळीच्या पलीकडे हे उभे असतात ना, तेव्हा माझ्याकडे बघतात. घरात बघत नाहीत, जेवताना बघत नाहीत, पण तिथे मी दारातून आत आले की बघतात, अगदी शांत नजरेने, कसं सांगू, ओळख आहे आणि नाहीसुद्धा. मी थांबत नाही. बाहेर पडते. दर वेळी पडते. आणि बाहेर जाऊन टाकीच्या काठावर बसते, आणि मागे वळून बघत नाही, कारण — नाही, कारण काही नाही, काम असतं मला. हे लिहू नका. हे तुमच्या कामाचं नाही.

लिहा तुम्ही, ताण शून्य. खरंच आहे ते. त्यांना नाहीच ताण.

अरे, हे कुठून आलं? तारेखालून सुटतात मेले. ह्याच आठवड्यातलं आहे, पाय अजून लटपटतात बघा. नाही हो, चावतंय कसलं, तुमच्या बुटाचा वास घेतंय — साहेब, हात नका लावू. गोड आहे, दिसतंय मला, माझ्याच हातावर झालंय ते. पण नका. मान खाजवू नका त्याची. तुम्ही उद्या असणार आहात का इथे? नाही ना? मग त्याला ही सवय लावू नका. बघा, डोळे मिटले त्याने. साहेब, हात काढा. काढा म्हणते ना हात! — ए! हाट्! पळ! पळ इथून! काय बघतंस, पळ म्हटलं ना! —

जा हो तुम्ही. जाताना फाटक ओढून घ्या.